फुलसावंगीचं दुसरं पोर्ट

सत्यशीला नेरची. तिचे वडील धम्मरत्न नेरच्या बसस्टँडजवळ एका टपरीत घड्याळं दुरुस्त करायचे. मुलीनं यवतमाळच्या पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, तेव्हा त्यांनी टपरीवर येणाऱ्या प्रत्येकाला आठवडाभर पेढा दिला. पुढची दोन वर्षं मात्र तिला शिक्षणाजोगं काम मिळालं नाही. ती एका क्लासमध्ये टायपिंग शिकवत राहिली.

२००७च्या उन्हाळ्यात तिला लोहाऱ्याला नोकरी लागली. यवतमाळच्या कडेला लोहाऱ्याची औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये एका आरोग्य संस्थेनं कार्यालय थाटलं होतं. कापसाची ती वाईट वर्षं होती. गावोगाव माणसं आतून खचली होती, आणि खचलेल्या माणसाशी कसं बोलावं हे शिकलेला डॉक्टर तालुक्याच्या गावीही मिळत नव्हता. म्हणून संस्थेच्या प्रमुख डॉक्टर अर्पिता यांनी पाच गावांत छोटी केंद्रं उघडली आणि टेलिफोनच्या भाड्याच्या लाइनींनी ती लोहाऱ्याशी जोडून घेतली. आठवड्यातल्या ठरलेल्या वारी त्या एकेका केंद्रात आलेल्या माणसांशी पडद्यावर समोरासमोर बोलायच्या. सोमवार नेरचा, गुरुवार फुलसावंगीचा.

हे सगळं जाळं सांभाळायचं काम भगवानरावांकडं होतं. टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते. हाताखाली माणूस हवा म्हणून मुलाखती झाल्या, तेव्हा समितीतल्या बाकीच्यांचं मत नागपूरच्या एका मुलाच्या बाजूनं होतं. भगवानरावांनी सत्यशीलाच्या हातात एक तुटकी केबल दिली होती आणि ती जोडताना तिच्याकडं बघत राहिले होते. तिनं तुटलेलं टोक आधी कापडानं पुसलं, एवढ्यावर त्यांनी तिचं नाव धरून ठेवलं. हे तिला पुष्कळ दिवसांनी कळलं.

काम तिला आवडलं. प्रत्येक केंद्रात एक राउटर होता. कोणता निरोप कोणत्या तारेवरून पाठवायचा, हे ठरवणारी ती पेटी. हे राउटर दर दहा सेकंदांनी आपल्या तारांवरून हाक मारायचे. पलीकडून दुसऱ्या राउटरनं ओ दिली की दोघं शेजारी व्हायचे आणि आपापल्या मागं कोणते संगणक आहेत ते एकमेकांना सांगायचे. एकाला कळलेलं तो पुढच्याला सांगायचा. अशा रीतीनं नेरच्या राउटरला फुलसावंगीचा रस्ता ठाऊक व्हायचा. फुलसावंगीची लाइन आर्णीवरून यायची आणि ते केंद्र सगळ्यात लांबचं होतं. बसनं जायचं तर चार तास.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी सकाळी साडेअकराला डॉक्टर अर्पिता आपल्या खोलीतून बाहेर आल्या. पडदा काळा झाला होता. त्या रागावल्या नव्हत्या, पण त्यांचा चेहरा उतरला होता. म्हणाल्या, "चौथ्यांदा आली होती ती. तीन वेळा नुसती बसून गेली. आज पहिलं वाक्य बोलली आणि लाइन गेली."

सत्यशीलानं आधी लाइन तपासली. लाइन ठीक होती. मग कळलं की डॉक्टर ज्यावरून पडद्यावर बोलायच्या ते यंत्र एकट्या फुलसावंगीला नाही, पाचही केंद्रांना दिसेनासं झालंय. लोहाऱ्याच्या राउटरलासुद्धा ते सापडत नव्हतं, आणि ते तर भिंतीपलीकडं होतं. भगवानराव आणि ती अडीच तास शोधत राहिले. शेवटी फुलसावंगीच्या राउटरच्या शेजाऱ्यांची यादी तिनं उघडली. तिथं एकच नाव असायला हवं होतं, आर्णीचं. दोन होती.

तिनं फुलसावंगीला फोन लावला. केंद्राचा प्रमुख प्रेमसिंग होता, जवळच्याच तांड्यावरचा, पस्तिशीतला. त्यानं सरळ सांगून टाकलं. शेजारच्या रिकाम्या खोलीत मुलींसाठी संगणकाचा क्लास काढायचं त्याच्या मनात होतं. पुसदचा एक क्लास बंद पडला, तिथून त्यानं जुने तीन संगणक आणि एक राउटर मागून आणला होता आणि साडेअकराच्या सुमाराला तो केंद्राच्या नेटवर्कला जोडला होता. त्या राउटरमध्ये विद्यार्थ्यांच्या सरावाच्या जुन्या सेटिंग तशाच होत्या. फुलसावंगीच्या राउटरनं हाक मारली, यानं ओ दिली आणि आपल्याकडची माहिती सांगितली. त्या आणलेल्या राउटरचा स्वतःचा नंबर आणि डॉक्टरांच्या यंत्राचा नंबर नेमका एकच निघाला. लोहाऱ्याचा राउटर सांगत होता की ती सगळी आळी माझ्याकडं आहे. हा नवा सांगत होता की ते घर म्हणजे मीच. जो जास्त नेमकं सांगतो त्याचं राउटर ऐकतात. डॉक्टरांकडं जाणारं सगळं फुलसावंगीतल्या त्या रिकाम्या खोलीत जाऊन पडत होतं.

प्रेमसिंगनं वायर काढली आणि मिनिटाभरात सगळं पूर्ववत झालं. तोवर ती बाई उठून घरी गेली होती.

सत्यशीला प्रेमसिंगच्या नावानं कडक पत्र लिहायला बसली होती. भगवानरावांनी तिला थांबवलं.

"त्यानं वायर लावली, हे खरं," ते म्हणाले. "पन दार आपन उघडं ठेवलं. आपल्या राउटरले दोन तोंडं हायेत. एक लाइनीकडचं, एक घरातल्या संगणकांकडचं. लाइनीकडं हाक मारनं बरोबर हाये, तिकडं दुसरा राउटर हाये. घरात कोनता राउटर हाये? तरी हा तिथंबी दर दहा सेकंदाले हाका मारून राह्यला. कोनी ना कोनी ओ देनारच."

त्यांनी कपाटातून जाड पुस्तक काढलं आणि दोघांनी ते पान वाचलं. राउटरच्या एखाद्या पोर्टला, म्हणजे तार लावायच्या तोंडाला, पॅसिव्ह करता येत होतं. सत्यशीलाला आधी वाटलं, पॅसिव्ह म्हणजे बंद. तसं नव्हतं. त्या पोर्टवरून हाका जात नाहीत आणि आलेल्या हाकेला ओ दिली जात नाही, म्हणून तिथं कोणी शेजारी होऊ शकत नाही. पण त्या पोर्टमागच्या संगणकांची माहिती राउटर दुसऱ्या तारेवरून सगळ्यांना देतच राहतो आणि निरोपांची ये-जा चालूच राहते. पुस्तकात सोपी रीत दिली होती. आधी एका ओळीत सगळी पोर्टं पॅसिव्ह करायची, मग जिथं खरोखर शेजारी आहे तेवढं एक पोर्ट त्यातून वगळायचं.

तिनं चार ओळी एका फाइलमध्ये लिहून ठेवल्या. पहिली, सगळी पोर्टं पॅसिव्ह. दुसरी, लाइनीचं पोर्ट वगळा. उरलेल्या दोन, बाहेर पडा आणि कायमचं साठवा. फाइलमधून उचलायचं आणि राउटरवर नेऊन टाकायचं. पुढच्या मंगळवारपर्यंत चार केंद्रं झाली. आर्णीला फुलसावंगीकडं जाणारं दुसरं पोर्टही तिनं वगळलं. एकाही ठिकाणी काही अडलं नाही. फुलसावंगीची लाइन मात्र सोमवारपासून बंद होती, ती बुधवारी संध्याकाळी सुरू झाली.

गुरुवारी सकाळी भगवानराव तिला म्हणाले होते की डॉक्टरांचं बोलणं आटपू दे, दुपारी कर. ते एवढं बोलून बँकेत गेले. पण प्रेमसिंग त्या दिवशी उमरखेडला लग्नाला जाणार होता. त्याच्या मागं कोणी ती वायर परत लावली तर? मागच्या गुरुवारचा डॉक्टरांचा चेहरा सत्यशीलाच्या डोळ्यांपुढून जात नव्हता. साडेनऊला तिनं त्या चार ओळी फुलसावंगीच्या राउटरवर टाकल्या.

पडदा जागच्या जागी थिजला. तिनं एक मिनिट वाट पाहिली, मग दोन. फुलसावंगी नकाशावरून पुसल्यासारखं नाहीसं झालं होतं.

काय झालं असावं याचा तिला अंदाज होता, का झालं हे मात्र समजत नव्हतं. वगळायची ओळ तर तिनं घातली होती. आर्णीच्या राउटरवरून आत शिरायचा तिनं प्रयत्न केला. पण लोहाऱ्याच्या संगणकाशिवाय कोणालाही आत घ्यायचं नाही असा नियम फुलसावंगीच्या राउटरवर होता, आणि तो तिनंच लावला होता. राउटर बंद करून चालू करण्यातही अर्थ नव्हता, कारण चौथ्या ओळीनं सगळं कायमचं साठवून टाकलं होतं. आता एकच उपाय. फुलसावंगीत त्या पेटीला थेट केबलनं जोडलेला जो संगणक होता, त्याच्यासमोर कोणीतरी बसायला हवं होतं. प्रेमसिंगचा मोबाइल लागत नव्हता. बसनं निघावं तर पोचेपर्यंत भर दुपार होणार.

भगवानराव बँकेतून परतले. तिनं त्यांना जसं झालं तसं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "केंद्रात आता कोन हाये?"

केंद्रात हंसाबाई होती. पन्नाशीची, लमाण समाजाची. केंद्र उघडणं, आलेल्यांचं वजन आणि रक्तदाब लिहून घेणं, चहा करणं ही तिची कामं. केंद्रात येणारे सगळे तिला याडी म्हणायचे. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. तिचं शिक्षण मराठी चौथीपर्यंतचं.

सत्यशीलानं केंद्रातला लँडलाइन लावला. हंसाबाईनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "मले इंग्रजी येत नाई, पोरी. पन तू सांग, मी दाबतो."

सत्यशीलानं तसाच एक कीबोर्ड आपल्यापुढं ओढला आणि सांगायला सुरुवात केली. वरून दुसरी ओळ, डावीकडून तिसरं बटण. हंसाबाई प्रत्येक वेळी 'हाव' म्हणायची आणि पुढच्या बटणाची वाट बघायची. पासवर्डपाशी गाडी अडली. राउटरवर पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही. हंसाबाईला वाटलं, बटणं दाबली जात नाहीयेत, म्हणून तिनं प्रत्येक बटण दोन-दोनदा दाबलं. तीनदा चुकलं. साडेदहा वाजत आले होते. अकराला फुलसावंगीची वीज जायची, भारनियमनाची वेळ त्या सोमवारपासून तीच झाली होती, आणि नंतर इन्व्हर्टर जेमतेम तासभर चालायचा.

तेवढ्यात फोनमध्ये मागून दुसरा आवाज आला. बारीक, अडखळता. हंसाबाई कोणाशी तरी हळू बोलली आणि फोन त्या हातात गेला.

"मी दाबू काय? मले इंग्रजी वाचता येते. बारावी झाली हाये मी."

सत्यशीलानं नाव विचारलं.

"कौसल्या."

मागच्या गुरुवारी पहिल्या वाक्यालाच जिची लाइन गेली ती बाई हीच. आजही ती अकराच्या भेटीसाठी आली होती आणि दीड तास आधीच येऊन बाकावर बसली होती. हे सत्यशीलाला ठाऊक नव्हतं. तिला फक्त अक्षरं ओळखणारं माणूस मिळालं होतं.

पासवर्ड एका खेपेत लागला. सत्यशीलानं एकेक अक्षर सांगायचं, कौसल्यानं ते परत म्हणायचं आणि मग दाबायचं, असं ठरलं. सगळ्यात आधी सत्यशीलानं राउटरची सगळी पोर्टं दाखवणारी आज्ञा तिला सांगितली. पडद्यावर यादी आली. सत्यशीला म्हणाली, सावकाश वाचून दाखवा, घाई नाही. घाई होती, पण तिनं तसंच सांगितलं.

कौसल्या वाचू लागली. "सिरीयल झिरो स्लॅश झिरो. पुढं लिहिलंय डाऊन. पुन्हा डाऊन." मग थोडं थांबून, "त्याच्याखाली सिरीयल झिरो स्लॅश वन. अप. पुन्हा अप."

सत्यशीलानं मान वळवून भगवानरावांकडं पाहिलं. ते खुर्चीत मागं टेकले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

प्रत्येक राउटरला लाइनीसाठी दोन पोर्टं होती. बाकी चारही केंद्रांत लोहाऱ्याकडची लाइन पहिल्या पोर्टला होती. फुलसावंगीला जुलैत वीज पडली होती, तेव्हा पहिलं पोर्ट जळालं आणि भगवानरावांनी लाइन दुसऱ्या पोर्टला लावली होती. सत्यशीलाच्या फाइलनं जळालेल्या पोर्टला बोलायची मोकळीक दिली होती आणि चालू लाइनीच्या पोर्टला गप्प केलं होतं. लाइन शाबूत होती, पण राउटर तिच्यावरून आर्णीला हाक मारत नव्हता आणि आर्णीच्या हाकेला ओ देत नव्हता. शेजार तुटला होता, त्यामुळं पुढचे रस्ते एकमेकांना कळेनासे झाले होते.

"म्या लिवून ठेवलं नाई," भगवानराव हळूच म्हणाले.

आता काय करायचं ते नेमकं कळलं होतं. दुसरं पोर्ट वगळायची एक ओळ. सत्यशीलानं सांगितलं, कौसल्यानं दाबलं आणि शेवटी एंटर मारलं.

"मॅडम, खाली एक छोटी टोपी आली," ती म्हणाली. "अन् लिहिलंय, इनव्हॅलिड इनपुट."

"टोपी कोणत्या अक्षराखाली आहे?"

"पॅसिव्हनंतर. इंटरफेसच्या आयखाली."

पॅसिव्ह आणि इंटरफेस या दोन शब्दांच्या मध्ये आडवी रेघ होती. सत्यशीलानं ती सांगितली नव्हती. तिनं चूक कबूल केली. कौसल्या म्हणाली, काही हरकत नाही, मी पहिल्यापासून लिहितो. आणि या वेळी तिनं सगळी ओळ न विचारता स्वतःच टाइप केली, फक्त रेघेपाशी एकदा थांबून खात्री करून घेतली.

एंटरचा आवाज फोनमधून ऐकू आला. मग काही नाही. सत्यशीलाच्या पडद्यावर फुलसावंगीला पाठवलेले निरोप एकामागून एक वाया जात होते. भगवानराव उठून तिच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले होते. पाच सेकंद गेले, दहा गेले, आणखी काही गेले.

"मी काहीच दाबलं नाई, पन आपोआप काहीतरी आलं," कौसल्या म्हणाली आणि वाचू लागली. "लोडिंग टू फुल. लोडिंग डन."

राउटरांच्या भाषेत याचा अर्थ एवढाच की आर्णी आणि फुलसावंगी पुन्हा शेजारी झाले. सत्यशीलाच्या पडद्यावर पहिला निरोप पोचल्याची ओळ उमटली, मग दुसरी, मग तिसरी. तिला फोनवर आभार मानायचे होते, पण आधी डॉक्टरांना सांगायला ती त्यांच्या खोलीकडं धावली. फोन भगवानरावांनी घेतला. ते म्हणाले, "बाई, तुमी लय मोठं काम केलं. आता एक शेवटची आज्ञा ऱ्हायली, थे लिवून घ्या, म्हनजे हे कायमचं साठते." कौसल्यानं तीही लिहिली.

अकरा वाजले, फुलसावंगीची वीज गेली, इन्व्हर्टर सुरू झाला आणि ठरल्या वेळी डॉक्टर अर्पितांच्या खोलीत पडदा उजळला. दार बंद झालं. इन्व्हर्टरनं त्या दिवशी तासाभराच्या वर वीस मिनिटं साथ दिली.

डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. आतलं बोलणं त्या कधीच कोणाला सांगत नसत. त्या दिवशी मात्र म्हणाल्या, "तिनं मला परवानगी दिली आहे, म्हणून एकच गोष्ट सांगते. आज तिनंच सुरुवात केली. म्हणाली, मॅडम, तुमची लाइन मी लावली."

सत्यशीलानं संध्याकाळी एक पानभर कबुली लिहिली. भेट होईपर्यंत थांबायला सांगितलेलं असताना आपण थांबलो नाही, आणि पोर्ट न तपासता ओळी टाकल्या. भगवानरावांनी ते पान वाचलं, खिशातलं पेन काढलं आणि खाली आपल्या हातानं लिहिलं की जुलैत पोर्ट बदलल्याची नोंद मी केली नव्हती, यातली निम्मी चूक माझी आहे. तिनं विरोध करून पाहिला. त्यांनी ऐकलं नाही. डॉक्टरांनी पान वाचून फाइलला लावलं आणि एवढंच सांगितलं की यापुढं प्रत्येक बदलाआधी एकानं करायचं आणि दुसऱ्यानं बघायचं.

दुसऱ्या शनिवारी सत्यशीला रजा टाकून फुलसावंगीला गेली. फोनवर आभार मानता आले नव्हते. आर्णीच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगांना वेचणी चालू होती, आणि महागावपर्यंत बसमध्ये वेचायला निघालेल्या बाया चढत-उतरत होत्या. प्रेमसिंग तिला घ्यायला स्टँडवर आला होता. तो अजून मागच्या गोष्टीनं ओशाळलेला होता. सत्यशीलानं त्याला सांगितलं की तुमच्या वायरीनंच आम्हाला आमचं उघडं दार दाखवलं, नाहीतर ते कोणाच्या लक्षातही आलं नसतं. त्याला ते पटलं की नाही कोण जाणे, पण पुढं चालताना त्यानं तिची पिशवी हातात घेतली.

हंसाबाईनं घरून पातोडीची भाजी आणि ज्वारीच्या भाकरी आणल्या होत्या. केंद्राच्या मागच्या ओट्यावर सगळे जेवायला बसले. कौसल्याही आली होती. तिशीच्या आतली, काटक, डोळे खाली ठेवून बोलणारी. जेवण झाल्यावर तिनं एक वही पुढं केली. त्या दिवशी टाइप केलेली प्रत्येक ओळ तिनं घरी जाऊन आठवून लिहून ठेवली होती. एकही चूक नव्हती.

"मी हे लिहिलं, पन म्हनजे काय लिहिलं?" तिनं विचारलं.

सत्यशीलानं तिच्या वहीत पेटी काढली, दोन तारा काढल्या आणि समजावून सांगितलं. घराकडच्या पोर्टनं हाका मारायच्या नाहीत, कारण तिथं शेजारी नको. लाइनीकडच्या पोर्टनं मारायच्या. कौसल्यानं चित्रातल्या लाइनीकडच्या तारेवर बोट ठेवलं.

"म्हनजे त्या दिवशी लाइन तुटली नव्हती."

"नाही. तार चांगली होती. एक ओळ चुकली होती."

मग कौसल्या आपणहून बोलली. तिला गोविंदा नावाचा भाऊ होता, तिच्याहून दोन वर्षांनी लहान. मागच्या दिवाळीआधी तो गेला. कसा गेला हे तिनं सांगितलं नाही आणि त्या वर्षांत ते कोणी विचारतही नसे. ती म्हणाली, "तो गेल्यापासून घरात सगळे मले जपून राह्यले. बस, जेव, झोप. कोनी काम सांगत नव्हतं. कोनी काही विचारतबी नव्हतं. त्या दिवशी तुमी मले म्हनल्या, वाचून दाखवा. किती दिवसांनी कोनाले माझी गरज पडली."

सत्यशीला आभार मानायला आली होती आणि आता कोणी कोणाचे मानायचे, हेच तिला कळेना. तिनं कौसल्याचा हात धरला. हंसाबाईनं ताटं गोळा केली.

क्लास मार्चमध्ये सुरू झाला. पुसदच्या राउटरवरच्या जुन्या सेटिंग पुसून भगवानरावांनी तो नीट करून दिला, आणि फुलसावंगीच्या राउटरचं घराकडचं पोर्ट पॅसिव्ह आहे हे या वेळी सत्यशीला आणि ते, दोघांनी मिळून तपासलं. पहिल्या तुकडीत अकरा मुली होत्या. शिकवायला प्रेमसिंगनं कौसल्याला बोलावलं. तिनं आधी नाही म्हटलं, मग आठवडाभर मागच्या बाकावर बसून ऐकलं आणि दुसऱ्या आठवड्यात पुढं येऊन उभी राहिली. डॉक्टरांकडची तिची भेट आधी महिन्यातून एकदा झाली आणि पुढं तिची गरज उरली नाही. भगवानराव आणखी तीन वर्षं राहिले. शेवटच्या दिवशी जाळ्याची सगळी जबाबदारी त्यांनी सत्यशीलावर सोपवली आणि डॉक्टरांसमोर म्हणाले की माझ्यापेक्षा हिला जास्त समजते. नेरला हे कळलं तेव्हा धम्मरत्नांनी टपरीवर पुन्हा पेढे वाटले.

कौसल्यानं नंतर शिक्षिकेचा कोर्स पूर्ण केला. नेमणुकीचा कागद हाती पडला त्या दुपारी ती केंद्रात आली आणि तिथल्या लँडलाइनवरून तिनं लोहाऱ्याला फोन लावला.

"तुमच्यामुळं झालं हे," ती म्हणाली.

सत्यशीला म्हणाली, माझी नोकरी आणि माझी अब्रू त्या दिवशी तुमच्या हातात होती, मी तुमची ऋणी आहे. कौसल्या म्हणाली, नाई, मी तुमची. बराच वेळ दोघी हेच परत परत म्हणत राहिल्या आणि मधेच हसत राहिल्या. शेवटी फोन हंसाबाईनं घेतला.

"आता ठेवा दोघी," ती म्हणाली. "इथं बाकावर मानसं बसून हायेत, त्याइले डॉक्टरबाईशी बोलाचं हाये."